तीन कॉर्ड, पाचशे पौंड आणि लायब्ररीतल्या चार मुली

मे २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक लायब्ररीने एक व्हिडिओ टाकला होता. चार मुलींचा बँड लायब्ररीतच वाजवतोय, आणि ड्रमवर बसलेली मुलगी दहा वर्षांची आहे. गाणं सुरू करायच्या आधी ती अगदी साध्या आवाजात सांगते की लॉकडाउन लागायच्या जरा आधी वर्गातला एक मुलगा तिच्याकडे आला आणि म्हणाला, चिनी लोकांपासून लांब राहायला बाबांनी सांगितलंय, मग तिने सांगितलं की मी पण चिनीच आहे, तर तो मागे सरकला. एवढंच बोलते ती. आणि मग बेसवाली मुलगी माइकमध्ये जे काही ओरडते ना, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बँडचं नाव द लिंडा लिंडाज.

मला हा व्हिडिओ उशिराच सापडला. मी तो एका मैत्रिणीला पाठवला तर तिने एका दमात तीन प्रश्न विचारले. हा इंडी बँड आहे म्हणतात आणि पंक पण म्हणतात, मग नक्की काय? पंक म्हणजे ते रंगीत उभे केस आणि शिव्या ना? आणि ते तर सत्तरच्या दशकातच संपलं ना? प्रश्न रास्त आहेत, कारण हे शब्द आपण कपड्यांच्या दुकानापासून परफ्यूमच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे ऐकतो पण त्यांच्यामागची गोष्ट कोणी नीट सांगत नाही. तिला फोनवर सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी शब्द साफ करून घेऊ

लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी. ती बँडला पैसे देते, रेकॉर्डिंग करून घेते, रेकॉर्ड छापते, दुकानात आणि रेडिओवर पोचवते. जे पैसे आधी देते त्याला अडव्हान्स म्हणतात, आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, उचल. म्हणजे पैसे हातात आले तरी ते आधी फेडायचे असतात, विक्रीतल्या तुमच्या वाट्यातून उचल वळती होत राहते आणि ती फिटेपर्यंत पुढचं काही हाती लागत नाही. आज जगातला संगीताचा मोठा धंदा तीन कंपन्यांकडे आहे, युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, या मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं. ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढे ती लागणार आहे: हा शब्द मुळात हिशोबाचा आहे, आवाजाचा नाही. गाणं कसं वाजतं याच्याशी त्याचा सुरुवातीला काहीही संबंध नव्हता, पैसे कोणी लावले आणि माल दुकानात कोणी पोचवला याच्याशी होता.

आणि पंक ही इंग्रजीत शिवीच होती, टपोरी, कवडीमोलाचा माणूस अशा अर्थाची. अमेरिकेतले संगीत समीक्षक १९७० च्या सुमारास तो शब्द गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या ओबडधोबड बँडना लावायला लागले, आणि जानेवारी १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही पोरांनी थेट त्याच नावाचं मासिक काढलं. शिवी अंगावर घेऊन मिरवायची, तिथून सुरुवात.

इतका राग कशाचा होता?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉक संगीत फार मोठं झालं होतं, म्हणजे शब्दशः मोठं, स्टेडियमं, ट्रक भरभरून सामान, वीस वीस मिनिटांची गाणी. १९७३ मध्ये येस या बँडचा एक डबल अल्बम आला, दोन रेकॉर्ड, चार बाजू, आणि प्रत्येक बाजूवर एकच गाणं. मी त्या संगीताला नावं ठेवत नाही, त्यातलं काही मला मनापासून आवडतं. पण सोळा वर्षांच्या, खिशात पैसे नसलेल्या पोराने ते बघून काय समजायचं? की हे काम आपलं नाही, याला दहा वर्षांचा रियाज लागतो, लाखोंचं सामान लागतं आणि कोणीतरी मोठ्याने निवडून घ्यावं लागतं.

न्यूयॉर्कमध्ये बाउरी नावाच्या तेव्हाच्या अगदी पडक्या रस्त्यावर डिसेंबर १९७३ मध्ये सीबीजीबी नावाचा एक बार उघडला. मालकाला तिथे कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज ठेवायचं होतं, नावातली अक्षरं त्याचीच, पण वाजवायला आले वेगळेच लोक. टेलिव्हिजन नावाचा बँड, गायिका पॅटी स्मिथ, आणि ऑगस्ट १९७४ मध्ये रमोन्स. हे चौघे क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्सचे, भाऊ वगैरे नव्हते, पण सगळ्यांनी आडनाव रमोन घेतलेलं. १९७६ च्या एप्रिलमध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, १४ गाणी, सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटं, खर्च साधारण ६,४०० डॉलर. तेव्हा मोठे बँड एका अल्बमसाठी महिनोन्महिने स्टुडिओत बसायचे, त्या मानाने हे काहीच नाही. अल्बम फार विकला गेला नाही, अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत १११ नंबरच्या वर गेलाच नाही. पण ज्यांनी ऐकला त्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकून झाल्यावर गिटार शोधायला सुरुवात केली.

तीन कॉर्ड म्हणजे काय भानगड?

१९७७ च्या सुरुवातीला साइडबर्न्स नावाच्या एका इंग्लिश फॅनझिनमध्ये (फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी घरी टाइप करून झेरॉक्स मारून वाटलेलं मासिक) एक चित्र छापून आलं. हाताने काढलेल्या तीन कॉर्डच्या आकृत्या, ए, ई आणि जी, आणि खाली मजकूर असा की ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. पंकबद्दल एवढं लिहिलं गेलंय पण ते एक चित्र सगळं सांगून जातं.

आता कॉर्ड म्हणजे दोन-तीन किंवा जास्त सूर एकदम वाजवणं. पंकमध्ये सगळ्यात जास्त चालते ती पॉवर कॉर्ड, आणि आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ती म्हणजे फक्त सा आणि प. बस. गंधार नाही. एरवीच्या कॉर्डमध्ये गंधार असतो आणि तो शुद्ध आहे की कोमल यावरून कॉर्ड आनंदी वाटणार की उदास हे ठरतं, इथे तो काढूनच टाकलाय त्यामुळे ती कॉर्ड ना हसरी ना रडवी, नुसती ठाम वाटते. शिवाय अँप्लिफायरचा आवाज फाटेपर्यंत वाढवला, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, तर गंधारवाली कॉर्ड गढूळ होते पण सा-प स्वच्छ राहतो. तंबोऱ्याचा सा-प कसा खाली भक्कम बसलेला असतो, तसंच काहीसं, फक्त हा तंबोरा धावतोय. आणि हाताला सोपं किती, तर बोटांचा एकच आकार करायचा आणि तोच गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवायचा. दुपारी शिकलात तर संध्याकाळी गाणं बसवू शकता.

सोपं आहे म्हणून मात्र हलकं समजू नका. रमोन्सचा गिटारवाला, जॉनी, हात फक्त वरून खाली मारायचा, खालून वर येताना तार छेडायचीच नाही, आणि ते सुद्धा प्रचंड लयीत गाण्यामागून गाणं. दोन मिनिटं करून बघा, मनगट बोलायला लागेल.

लंडनमध्ये ठिणगी कशी पडली

ब्रिटनमध्ये तेव्हा परिस्थिती वाईट होती. बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर, महागाई, आणि १९७६ मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी जावं लागलं. शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या पोरांना पुढे काही दिसत नव्हतं. किंग्ज रोडवर माल्कम मॅकलारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं कपड्यांचं दुकान होतं, तिथे घुटमळणाऱ्या पोरांतून सेक्स पिस्टल्स उभे राहिले, पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५, एका आर्ट कॉलेजात.

पुढचं बहुतेकांना ऐकून माहीत असतं म्हणून पटकन सांगतो. १ डिसेंबर १९७६ ला टीव्हीवर संध्याकाळच्या कार्यक्रमात त्यांनी शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी पेपर भरून आले, ठरलेल्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले, ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने जानेवारीत करार तोडला, मार्चमध्ये ए अँड एम या दुसऱ्या कंपनीने करार केला आणि आठवड्याभरात तोही मोडला. राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी, मे १९७७ मध्ये, राणीवरचं त्यांचं गाणं आलं, बीबीसीने वाजवायला बंदी घातली, तरी ते यादीत दुसऱ्या नंबरला पोचलं. जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड फुटला. दोन-सव्वादोन वर्षांचा सगळा खेळ.

पंकची गोष्ट लोक इथेच संपवतात. मला वाटतं खरी गोष्ट लंडनपासून दोनेकशे मैलांवर मँचेस्टरमध्ये घडली आणि ती कुठल्याही पेपरच्या पहिल्या पानावर आली नाही.

खरं बंड रेकॉर्डच्या मागच्या बाजूला छापलंय

हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली हे दोघे मँचेस्टरजवळ बोल्टनला शिकत होते. त्यांनी पेपरात पिस्टल्सबद्दल वाचलं, जाऊन बघून आले, आणि ४ जून १९७६ ला स्वतःच हॉल घेऊन त्यांना मँचेस्टरला बोलावलं. लोक आले फार तर काही डझन. पण त्यात पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन हा बँड झाला. म्हणजे हॉल रिकामा दिसत होता तरी आलेला प्रेक्षक घरी जाऊन कामाला लागत होता.

डिव्होटो आणि शेलीचा स्वतःचा बँड बझकॉक्स. त्यांना रेकॉर्ड काढायची होती आणि लंडनच्या कंपन्या काही मँचेस्टरला येऊन दार वाजवणार नव्हत्या. मग त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ ला स्टुडिओत काही तासांत चार गाणी वाजवली, आणि जानेवारी १९७७ च्या शेवटी न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच लेबलवर हजार प्रती छापून आणल्या. नाव स्पायरल स्क्रॅच. पुढच्या बाजूला चौघांचा एक पोलरॉइड फोटो, मँचेस्टरमध्येच भर चौकात पुतळ्याखाली उभं राहून काढलेला. आणि मागच्या बाजूला? प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेलं की हा कितवा टेक आहे (टेक म्हणजे गाणं एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) आणि त्यावर नंतर गिटारचा थर चढवलाय की नाही.

ह्यात काय मोठं, असं वाटेल. पण विचार करा, तोपर्यंत रेकॉर्ड ही जादूच्या पेटीतून आल्यासारखी यायची, आत काय केलंय हे ऐकणाऱ्याला कळायचंच नाही. इथे पोरं सांगतायत की बघा, पहिल्याच टेकमध्ये जमलं, वर एवढाच थर दिला, दुसरं काही नाही. जादूगाराने बाही वर करून दाखवावी तसं. त्यातल्या एका गाण्यात गिटारचा सोलो आहे, एकट्या गिटारने वाजवायचा तुकडा, आणि तो फक्त दोन सुरांचा आहे, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा पुन्हा, आणि तो इतका बरोबर बसलाय की तिसरा सूर आला असता तर मला राग आला असता.

हजार प्रती काही दिवसांत संपल्या. पुन्हा छापल्या, अशा करत करत सोळा हजारांच्या आसपास गेल्या.

मग हे लोण पसरलं. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्स नावाच्या बँडने पहिली रेकॉर्ड १५३ पौंडांत काढली आणि पुढच्या रेकॉर्डच्या कव्हरवर तो आकडा जाहीर करून टाकला. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर कव्हरवर रेकॉर्डिंगला किती, छपाईला किती, लेबल चिकटवायला किती, असा खर्चच मांडला. छापखान्यात कोणीही जाऊन हँडबिल छापून आणू शकतो ना, तसंच रेकॉर्ड छापणारे कारखाने तेव्हाही पैसे देणाऱ्या कोणाचंही काम घेत होते, फक्त हे लोकांना माहीतच नव्हतं. यांनी ते माहीत करून दिलं. माझ्या मते पंकचा सगळ्यात मोठा वारसा हाच आहे, आत कसं शिरायचं ते स्वतःजवळ न ठेवता कव्हरवर छापून वाटणं.

छापल्यावर प्रश्न उरतो दुकानात पोचवायचा. लंडनमध्ये १९७६ मध्ये रफ ट्रेड नावाचं दुकान उघडलं होतं, त्यांनी अशा रेकॉर्ड ठेवायला सुरुवात केली, पुढे स्वतःचं लेबल काढलं, आणि वेगवेगळ्या गावांतल्या अशाच दुकानांची साखळी जोडून माल देशभर फिरवला. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडिपेंडंट रेकॉर्डची वेगळी यादी छापून यायला लागली. त्या यादीत शिरायची अट एकच, वितरण मोठ्या कंपन्यांच्या बाहेरून झालेलं हवं. संगीत कुठलंही चालेल. इंडी हा शब्द असा जन्मला, आणि पुढे १९८६ च्या आसपास एका संगीत साप्ताहिकाने २२ बँडची कॅसेट काढली त्या सुमाराला तो हळूहळू विशिष्ट आवाजाचं नाव होऊन बसला, झणझणत्या गिटारी, लाजरा गळा वगैरे. म्हणून आज गोंधळ होतो. मैत्रिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: पंक आणि इंडी ही दोन वेगळी घराणी नाहीत, इंडी हे पंकच्याच पोटातून आलेलं आहे.

पण ह्यांना वाजवता कुठे येत होतं?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अर्धा खरा आहे. बऱ्याच जणांना सुरुवातीला खरंच येत नव्हतं. पण सगळ्यांना येत नव्हतं हे साफ चुकीचं. सीबीजीबीच्या टेलिव्हिजन बँडमधले दोन गिटार एकमेकांशी काय बोलतात ते ऐकून बघा. वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स, चार कृष्णवर्णीय वादक, आधी जॅझ फ्यूजन वाजवायचे, म्हणजे अतिशय अवघड संगीत, आणि ते सगळं येत असताना त्यांनी पंक निवडलं आणि इतकं वेगात वाजवलं की बाकीचे बघत राहिले.

आणि येत नसताना सुरू करणं हा गुन्हा का असावा? पोहायला आधी शिका मग पाण्यात उतरा असं कोणी म्हणत नाही. पंकने म्हटलं लोकांसमोर शिका. त्यात पडणं-धडपडणं दिसतं, ऐकू येतं, काही रेकॉर्ड खरंच ऐकवत नाहीत. मला ही किंमत मान्य आहे.

बॅड ब्रेन्सवरून आठवलं, पंक हे गोऱ्या पोरांचंच होतं हा समजही काढून टाका. डेट्रॉइटमध्ये तीन कृष्णवर्णीय भावांचा डेथ नावाचा बँड १९७५ मध्येच, म्हणजे रमोन्सचा अल्बम यायच्या आधी, असं संगीत रेकॉर्ड करत होता. मोठ्या कंपनीने नाव बदला म्हणून सांगितलं, त्यांनी बदललं नाही, करार गेला. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच एका सिंगलच्या, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, ५०० प्रती काढल्या. बाकीची रेकॉर्डिंग २००९ मध्ये बाहेर आली, चौतीस वर्षांनी, आणि तोपर्यंत ज्याने नाव बदलायला सगळ्यात ठाम नकार दिला तो भाऊ हयात नव्हता. ही गोष्ट मला जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा जीव तुटतो.

मग ते नाझी स्वस्तिक, मारामाऱ्या, नशा?

होतं. लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या काही प्रसिद्ध लोकांनी नाझी स्वस्तिकाचे दंडपट्टे घातले, मोठ्यांना, युद्ध बघितलेल्या पिढीला चिडवायला, आणि तो मूर्खपणाच होता, कारण थोड्याच वर्षांत खरोखरचे वंशद्वेष्टे कार्यक्रमांना यायला लागले आणि त्यांना वाटायचं ही आपलीच जागा. सेक्स पिस्टल्सचा बेसवाला सिड व्हिशस २१ वर्षांचा असताना हेरॉइनने मेला. त्याचं पोस्टर लावण्यासारखं त्यात काही नाही.

पण उत्तरही आतूनच आलं. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून एरिक क्लॅप्टन या प्रचंड मोठ्या गिटारवादकाने स्थलांतरितांविरुद्ध बोलून घेतलं, आणि हा माणूस आयुष्यभर कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवून मोठा झालेला. त्याच्या निषेधातून रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर चौकातून निघालेला मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कला पोचला, अंदाजे ८० हजार ते १ लाख लोक, आणि स्टेजवर द क्लॅश, एक्स-रे स्पेक्स या पंक बँडसोबत स्टील पल्स हा रेगे, म्हणजे जमैकाकडून आलेलं संगीत वाजवणारा बँड. अमेरिकेत बर्कलीला १९८६ च्या शेवटी सुरू झालेल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या जागेत नियम भिंतीवरच लिहिलेले, दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांबद्दल वाईट वागणं नाही. ती जागा पोरंच चालवायची. बेशिस्तीची जी प्रतिमा आपल्या डोक्यात आहे त्यात हे बसत नाही, पण हेही तितकंच पंक आहे.

मुली कुठे होत्या?

पहिल्या दिवसापासून होत्या, फक्त गोष्ट सांगणारे त्यांना गाळत आले. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरिन, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, वडील सोमाली, दातांना तारा लावलेल्या, तशीच स्टेजवर. १९७७ मधलं त्यांचं पहिलं गाणं सुरू होतं ते मुलींनी दिसावं पण बोलू नये या अर्थाच्या जुन्या इंग्रजी म्हणीने, ती म्हण आधी ती गोड आवाजात बोलते आणि मग जी किंचाळते की म्हणीचा चुराडा होतो. सोबत सॅक्सोफोन वाजवणारी मुलगी शाळकरी वयाची.

तरीही ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पंकचे कार्यक्रम म्हणजे स्टेजसमोर धक्काबुक्की करणारे मुलगेच मुलगे आणि मुली मागे भिंतीला टेकून, असं झालं होतं. १९९१ च्या सुमाराला ऑलिंपिया आणि वॉशिंग्टन डीसीत रायट गर्ल ही पंकमधल्या मुलींची चळवळ सुरू झाली. बिकिनी किल या बँडची कॅथलीन हॅना कार्यक्रम सुरू करताना मुलींना पुढे या म्हणायची आणि मुलांना मागे सरकायला लावायची. नुसतं एवढं केल्याने कार्यक्रमाचा नकाशाच बदलला, कारण जी पुढे उभी असते तिला गिटारवरची बोटं दिसतात, आणि बोटं दिसली की हे आपल्यालाही जमेल असं वाटतं. पुन्हा तेच ना, कव्हरवर छापल्यासारखं.

आणि २०१९ मध्ये हॉलिवूडमध्ये बिकिनी किलचा कार्यक्रम झाला त्यात आधी वाजवायला कोण होतं, तर द लिंडा लिंडाज. व्हिडिओच्या दोन वर्षं आधी. म्हणजे त्या लायब्ररीत एकदम आकाशातून पडल्या नव्हत्या.

शेवटी सगळे विकलेच गेले ना?

जानेवारी १९७७ मध्ये, म्हणजे बझकॉक्सची ५०० पौंडांची रेकॉर्ड आली त्याच महिन्यात, द क्लॅशने सीबीएस या मोठ्या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. दोनशे पट. पंक त्या दिवशीच मेलं असं एका फॅनझिनच्या संपादकाने म्हणून टाकलं, आणि तेव्हापासून ते दर काही वर्षांनी मरतंच आहे.

मला हे इतकं सरळ वाटत नाही. क्लॅशने मोठ्या कंपनीत राहून १९७९ मध्ये दोन रेकॉर्डचा अल्बम एका रेकॉर्डच्या किमतीत विकायला लावला, पुढच्या वर्षी तीन रेकॉर्डचा स्वस्तात दिला आणि त्यासाठी स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडलं. उलट वॉशिंग्टनच्या फुगाझीने मोठ्या कंपनीकडे कधी ढुंकूनही बघितलं नाही, डिसकॉर्ड या आपल्या गायकाच्याच लेबलवर राहिले, तिकीट वर्षानुवर्षं ५ डॉलरच्या आसपास ठेवलं, शाळकरी पोरांना आत येता येईल अशाच जागी वाजवलं, टीशर्ट सुद्धा विकले नाहीत. डिसकॉर्ड तर रेकॉर्डच्या कव्हरवर टपालखर्चासकट किंमत छापायचं, म्हणजे दुकानदाराने जास्त लावले तर गिऱ्हाइकाला कळावं. मला स्वतःला फुगाझीचा रस्ता जास्त पटतो, पण क्लॅश ऐकल्याशिवाय कित्येकांना फुगाझीपर्यंत पोचायची वाटच सापडली नसती हेही कबूल करावं लागतं.

बाजाराने पंकचं काय केलं याचं सगळ्यात बोलकं चित्र २०१६ मधलं. लंडनमध्ये पंकच्या ४० वर्षांचा सरकारी पाठिंब्याने उत्सव चालू होता, आणि मॅकलारेन-वेस्टवुडचा मुलगा जो कोरे याने २६ नोव्हेंबरला थेम्स नदीत बोटीवर आपल्याकडचा पंकच्या काळातला संग्रह पेटवून दिला. त्याची किंमत ५० लाख पौंड असल्याचं तो म्हणाला. अनेकांना तो वेडेपणा वाटला. त्या वस्तू विकून कोणाला तरी गिटार घेऊन द्यायला हव्या होत्या असं मला वाटतं, पण त्याची चीड मला समजते.

आता तर सगळंच फुकट आणि सोपं आहे, मग इंडीला अर्थ काय उरला?

रेकॉर्डिंग फोनवर होतं, गाणं जगभर टाकायला किरकोळ खर्च येतो. ५०० पौंडांचा प्रश्न सुटला. पण अडवणूक जागा बदलून बसली. पूर्वी दारावर पहारेकरी होता, आत शिरलं की निदान लोक ऐकायचे, आता दारच नाही पण मैदानात सगळे एकदम ओरडतायत. स्ट्रीमिंगमध्ये एकदा ऐकण्याचे पैसे सेंटच्या काही अंशात मिळतात, आणि स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळणार नाही. लहान बँडसाठी बँडकॅम्पसारखी जागा त्या मानाने बरी, तिथे डिजिटल विक्रीतून ते साधारण १५ टक्के कापतात. म्हणून कोणता नवीन बँड आवडला तर शंभर वेळा स्ट्रीम करण्यापेक्षा एकदा अल्बम विकत घ्या, त्यांना खूप फरक पडतो.

लिंडा लिंडाजवरही आक्षेप आहेत. बँडमधल्या दोन बहिणींचे वडील स्वतः नावाजलेले रेकॉर्ड प्रोड्युसर आहेत, मग हे आपलं आपण केलेलं कसं? आक्षेप बरोबर आहे, स्टुडिओ घरातच असणं ही मोठी सोय आहे आणि ती बहुतेकांना नसते. मी ते नाकारत नाही. पण वर्गातल्या मुलाने तोंडावर केलेला अपमान कुठल्याही स्टुडिओत बनत नाही. व्हिडिओ गाजल्यावर त्यांनी करार केला तो एपिटाफशी, आणि एपिटाफ हे लेबल बॅड रिलिजन या लॉस एंजेलिसच्या पंक बँडच्या गिटारवाल्याने काढलेलं, सुरुवात १९८० च्या सुमाराला, आपल्याच रेकॉर्ड काढायला. म्हणजे मँचेस्टरचीच युक्ती, समुद्रापलीकडे. २०२२ मध्ये पहिला अल्बम आला, २०२४ मध्ये दुसरा, आणि त्याच वर्षी त्या ग्रीन डे या प्रचंड गाजलेल्या पंक बँडसोबत स्टेडियममध्ये वाजवत होत्या. हा तोच ग्रीन डे ज्याने मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून गिलमन स्ट्रीटचं दार त्याला कित्येक वर्षं बंद होतं. वर्तुळ कसं फिरतं बघा.

ऐकायला कुठून सुरुवात करू?

मैत्रिणीला जो क्रम दिला तोच देतो. आधी रमोन्सचा पहिला अल्बम, एका बैठकीत, २९ मिनिटंच आहेत, आणि हेडफोन लावून ऐका म्हणजे गिटार एका कानात आणि बेस दुसऱ्या कानात वेगवेगळे कळतील. मग स्पायरल स्क्रॅचची चार गाणी, तो दोन सुरांचा सोलो चुकवू नका. मग एक्स-रे स्पेक्स, सॅक्सोफोनसाठी आणि पॉलीसाठी. फुगाझी त्यानंतर, कारण तिथे लय एकदम मोकळी होते आणि कान तयार नसेल तर निसटून जातं. आणि सगळ्यात शेवटी तो लायब्ररीतला व्हिडिओ परत लावा.

जमलं तर प्रत्येक रेकॉर्डचं मागचं कव्हरही शोधून बघा. बारीक अक्षरात असतं, मोठं करून वाचा.